आधी चिप ओळखा, मग ड्रायव्हर

विंडोज नव्याने टाकल्यावर आवाज गेला आणि तीन ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकूनही येत नाही, असं तुम्ही म्हणताय. कृपया अंदाजाने चौथा टाकू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या हार्डवेअरच्या यादीत, पिवळं उद्गारचिन्ह असलेल्या नोंदीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये जा आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे ‘व्हीईएन’पुढे १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, ८०८६ असेल तर इंटेलची. ‘डीईव्ही’पुढची चार अक्षरं नेमकं मॉडेल सांगतात. लॅपटॉप असेल तर ड्रायव्हर त्याच्याच कंपनीच्या साइटवरून घ्या.

आणि हो, चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्सचा, ड्रायव्हर आधी! माझं घोडं तिथेच अडलं होतं. दोन संध्याकाळी ऑडिओचाच ड्रायव्हर काढत-घालत बसलो. चिपसेटचा टाकून रीस्टार्ट केल्यावर स्पीकरवरची लाल फुली गेली. तुमचा हार्डवेअर आयडी इथे टाका, बघून सांगतो.