सहलीची गाडी पुळणीवर उतरवणं बंद करा

परभणीकर मास्तर
दिवाळी झाली की मराठवाड्यातून कोकणच्या सहली सुटतात. गणपतीपुळे, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर. आपल्याकडं समुद्र नाही, लेकरांना तो दाखवलाच पाहिजे. माझा आक्षेप गाडीला आहे. जीप थेट वाळूवर घालायची, गोल गोल फिरवायची आणि रील काढायची, हे थांबायला पाहिजे. भरतीच्या रेषेजवळ आणि वरच्या कोरड्या वाळूत खेकड्यांची बिळं असतात. बिळाच्या तोंडाशी बघा : एका बाजूला ताज्या उपसलेल्या ओल्या वाळूचा पसारा, त्यावर टोकदार पायांच्या बारीक ओळी. हा खेकडा पोहत राहणारा नाही, हवेत श्वास घेतो. पण कल्ले ओले लागतात. पायांच्या बुडाशी केसांचे झुबके असतात, त्यांनी तो ओल्या वाळूतलं पाणी शोषतो. बीळ गेलं की उन्हात त्याला थारा नाही.

बीडचा ड्रायव्हर
सर, राग मानू नका. सीझनला मी कोकणातच असतो. पार्टीच म्हणते, गाडी पाण्यापर्यंत घ्या. गुडघे धरलेली म्हातारी माणसं असतात, त्यांना वाळूत पाय टाकता येत नाही. आन दिवसा खेकडा हात-दोन हात खाली बसलेला असतो. वरून चाक गेलं तर त्याला काय होतंय? दहा मेले तर समुद्रातून दुसरे येतात.

परभणीकर मास्तर
भाऊ, खोल बिळातला मोठा खेकडा दिवसा वाचतो, हे तुमचं खरं आहे. पिल्लांची बिळं मात्र उथळ असतात, ती चाकाखाली दबतात. आणि मोठा खेकडा अंधार पडला की खायला बाहेर येतो. रात्री जेवणं झाल्यावर हेडलाइट लावून जी चक्कर मारली जाते, तीच त्याला सगळ्यात घातक. ऑस्ट्रेलियात याचा अभ्यास झालाय, गाड्या फिरतात त्या किनाऱ्यांवर हे खेकडे कमी सापडले. समुद्रातून नवे येतात हेही बरोबर. अंड्यातून निघालेली पिलं काही आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग किनाऱ्याला लागतात. पण लागतात ती पुन्हा त्याच चाकाखाली.

गोदाकाठ, गंगाखेड
मास्तर, तुमचं चुकत नाही, पण समुद्र लई लांब आहे. आपल्या गंगेतून रात्र-रात्र हायवा भरून वाळू जाते, त्यावर धागा कामून नाही? नदीच्या खेकड्याची पिलं समुद्रात जात नाहीत. मादी अंडी पोटाखाली धरते, त्यातून थेट बारके खेकडेच निघतात आणि काही दिवस तिलाच चिकटून असतात. उन्हाळ्यात हे खेकडे काठाच्या बिळात दडून राहतात. काठच खरवडून नेला तर बाहेरून भर पडायला वेळ लागतो, कारण नदीचा खेकडा लांबून वाहत येत नाही. तोंड उघडायचं तर आधी इथं उघडा. चार जीपवाल्यांना बोलणं सोपं आहे.

लातूरची लेक, रत्नागिरीची सून
दादा, दोन्हीकडं बोलता येतं की. पण सर, तुम्ही फक्त चाकांवर बोट ठेवलं. आमच्या इथं किनाऱ्याला दगडी बंधारा घातला आणि वरची कोरडी वाळूच संपली. मोठे खेकडे बीळ करतात ते नेमकं तिथंच. गाडी संध्याकाळी निघून जाते, बंधारा तिथंच राहतो. वर सहलीचं उरलेलं जेवण वाळूत टाकतात, त्यावर कुत्री जमतात, तीच बिळं उकरतात. आणि लेकरांना सांगा, खेकडे पाण्याच्या बाटलीत भरून नेऊ नका. बसमध्येच मरतात.

हिंगोलीकर
हेच खेकडे कासवाची अंडी आणि पिल्लं खातात ना? वेळासला लोक ती अंडी राखतात, मग यांना कशाला राखायचं?

लातूरची लेक, रत्नागिरीची सून
खातात. मेलेली मासळीही तेच खातात, किनारा साफ राहतो. कासव आणि खेकडा एकाच वाळूवर कितीतरी काळापासून आहेत. माणसांच्या गाड्या आणि दिवे मात्र परवा आले, आणि त्यांचा त्रास दोघांनाही आहे.

बीडचा ड्रायव्हर
ताई, बंधाऱ्याचं बरोबर बोललात, ते ठेकेदाराला कुणी विचारत नाही. गाडी मी वरच लावीन. पण पार्टी अडून बसली आन भाडं कापलं तर?

परभणीकर मास्तर
बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या, गाडी वाळूवर येणार नाही. म्हाताऱ्या माणसांना भरतीच्या वेळी न्या, पाणीच वर आलेलं असतं. आमच्या शाळेच्या पत्रकात मी हे यंदा टाकतोय, मसुदा इथं देतो.