प्रति: रोमन प्रजासत्ताकातील वर्गभेद खरोखर संपला होता का?

इ.स.पू. २८७ च्या हॉर्टेन्शियस कायद्याने प्लेबियन (जन्माने उमराव घराण्यांबाहेरचे नागरिक) सभेचे ठराव सर्व रोमन नागरिकांवर बंधनकारक झाले, म्हणून तेथील वर्गभेद संपला, असा वरच्या चर्चेचा सूर दिसतो. तो मला मान्य नाही. जन्मावर आधारलेला भेद बराच सैल झाला हे खरे, इ.स.पू. ३६७ च्या कायद्याने प्लेबियनांना कॉन्सलपदही, म्हणजे प्रजासत्ताकाचे सर्वोच्च वार्षिक पदही, खुले झाले होते. संपत्तीची उतरंड मात्र मतदानाच्या पद्धतीतच पक्की बसवलेली होती.

कॉन्सल आणि प्रीटर (कॉन्सलच्या खालोखालचे, मुख्यतः न्यायदान पाहणारे अधिकारी) निवडणारी सभा शहराच्या वेशीबाहेर, मार्सच्या मैदानावर भरे. तीत मत व्यक्तीचे नव्हे, गटाचे मोजले जाई. परंपरेने सांगितलेल्या रचनेत एकूण १९३ गट होते. त्यांपैकी १८ घोडेस्वारांचे आणि ८० पहिल्या, म्हणजे सर्वांत सधन पायदळ वर्गाचे. हे ९८ गट एकमताचे असले की बहुमत तेथेच पुरे होई आणि खालच्या वर्गांना मतदानासाठी बोलावलेच जात नसे. मालमत्ता नसलेल्या असंख्य नागरिकांचा मिळून एकच गट, तोही अगदी शेवटी! पुढे पहिल्या वर्गाचे गट ७० वर आणले गेले, पण पारडे श्रीमंतांकडेच झुकलेले राहिले.

ट्रिब्यूनचा, म्हणजे प्लेबियनांनी आपल्या रक्षणासाठी निवडलेल्या अधिकाऱ्याचा, नकाराधिकार हे सामान्यांचे शस्त्र होते. परंतु पद बिनपगारी असल्याने ट्रिब्यूनही बहुधा सधन प्लेबियन घराण्यांतूनच येत. इ.स.पू. १३३ मध्ये ट्रिब्यून टायबेरियस ग्राकसने सार्वजनिक जमिनीच्या वाटपाचा कायदा मांडला, तेव्हा त्याला अडवणारा मार्कस ऑक्टेव्हियस हाही ट्रिब्यूनच होता.