कानाच्या शस्त्रक्रियेनंतर अर्ध्या जिभेची चव गेली आहे, मदत हवी आहे

नमस्कार.

माझे वय ५६ असून चिपळूणजवळच्या एका गावात मी गेली १९ वर्षे घरगुती लोणची, मेतकूट आणि भाजण्यांचा व्यवसाय करते. जूनमध्ये माझ्या डाव्या कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली. पडद्याला लहानपणापासून भोक होते आणि दर पावसाळ्यात कान वाहत असे. आता कान कोरडा आहे, ऐकूही पूर्वीपेक्षा चांगले येते, त्यामुळे पुढे लिहिते आहे ती कोणाही डॉक्टरांविषयीची तक्रार समजू नये.

पट्टी निघाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चहा पिताना तोंडाला तांब्याचे भांडे चाटल्यासारखी चव आली. आधी मला वाटले की पातेले नीट विसळले गेले नसावे, मग वाटले की गोळ्यांमुळे असेल. गोळ्या संपून कित्येक आठवडे झाले तरी चव तशीच आहे. तपासणीच्या वेळी विचारले तेव्हा ‘चवीची एक नस कानातून जाते, ती ताणली गेली असेल, काही महिन्यांत बरे होईल’ असे सांगण्यात आले. बाहेर रांग मोठी होती, म्हणून मीही अधिक विचारले नाही. घरी आल्यावर मात्र डोक्यात भुंगा सुरू झाला की जिभेच्या चवीचा कानाच्या पडद्याशी संबंध तो काय असावा?

बारावीला असलेल्या माझ्या भाचीने यावर एक प्रयोग सुचवला. मी आरशासमोर बसले, जीभ बाहेर काढून कापडाने टिपून घेतली, आणि तिने कापसाच्या काडीने एकेका जागी मिठाचे पाणी, साखरेचे पाणी, लिंबाचा रस आणि कारल्याचा रस टेकवला. प्रत्येक वेळी मध्ये चूळ भरली. उजव्या कडेला चारही चवी बिनचूक ओळखता आल्या. डाव्या कडेला काहीतरी ओले आणि गार टेकले एवढेच कळले, मीठ की साखर हे सांगता येईना. शेंड्याचेही तेच झाले, म्हणजे मधल्या रेघेच्या उजवीकडे साखर गोड आणि डावीकडे नुसते पाणी, जणू कोणी पट्टी ठेवून रेघ आखली आहे. गंमत अशी की जीभ आत घेतली की तीच गोडी क्षणात तोंडभर पसरते आणि अर्धी जीभ निकामी आहे असे वाटतही नाही.

आमच्या शाळेच्या पुस्तकात जिभेचे चित्र होते, त्यात शेंड्यावर गोड, कडांना खारट व आंबट आणि मागे कडू अशी वाटणी केलेली होती. ते खरे मानले तर माझ्या उजव्या कडेला चारही चवी कशा कळतात, याचा उलगडा होत नाही. दुसरे असे की फेसलेली मोहरी आणि लाल तिखटाचे पाणी दोन्ही बाजूंना सारखेच झोंबले. डाव्या बाजूला चव नाही, पण तिखट आहे, हे कसे? आणि कारले मला पूर्वीपेक्षा अधिक कडू लागते, ते का?

खरी अडचण व्यवसायाची आहे. मिठाचा माझा सगळा कारभार आजवर मुठीवर आणि जिभेवर चालत आला आहे. ऑगस्टमध्ये घातलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी परत आणून दिली आणि फार संकोचाने म्हणाल्या, ‘या वेळी खारट झालंय हो.’ मला ते अजिबात जाणवले नव्हते. माझ्या सासूबाई नैवेद्याचा स्वयंपाक कधीही चाखत नसत, आमटीला उकळी फुटली की नुसत्या वासावरून मीठ कमी आहे हे सांगत आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. मीठाला वास असतो का? असल्यास ती विद्या आता शिकता येईल का? कोणाला असा अनुभव आला असल्यास, किंवा या विषयाची माहिती असल्यास, कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: रिकीब

ताई, मी कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया करतो. तुम्हाला सांगितले गेले ते बरोबरच आहे, फक्त फार थोडक्यात सांगितले गेले.

जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव नेणाऱ्या नसेला कॉर्डा टिम्पनी म्हणतात. ती चेहऱ्याचे स्नायू चालवणाऱ्या सातव्या मज्जातंतूची शाखा आहे आणि जिभेकडून मेंदूकडे जाताना ती मध्यकर्णातून, पडद्याच्या आतल्या अंगाने, हातोडी आणि ऐरण या दोन हाडांच्या मधून आडवी जाते. आम्ही पडदा उचलतो तेव्हा ती दोऱ्यासारखी समोरच दिसते. ती वाचवण्याचा प्रयत्न असतोच, पण हाडांपर्यंत पोहोचण्यासाठी अनेकदा तिला बाजूला सारावे लागते आणि त्यात ती ताणली जाते. डाव्या आणि उजव्या बाजूची नस वेगळी असल्यामुळे तुमच्या जिभेवर मधोमध रेघ दिसते.

स्पर्श, गारवा आणि झोंबणे यांचा रस्ता मात्र निराळा आहे. हे संदेश पाचव्या मज्जातंतूतून जातात आणि तो मध्यकर्णात शिरत नाही. म्हणूनच काडीचा ओलावा तुम्हाला कळला आणि मोहरी झोंबली. जिभेच्या मागच्या एक-तृतीयांश भागाची चव नववा मज्जातंतू नेतो, तोही शाबूत आहे. जीभ आत घेतल्यावर द्रव उजवीकडे आणि मागे पसरतो, आणि मेंदूची एक सवय अशी आहे की चव नेमकी कुठून आली हे तो बरेचसे स्पर्शावरून ठरवतो. तोंडभर स्पर्श आहे, म्हणून चवही तोंडभर वाटते.

कारल्याविषयीचे तुमचे निरीक्षण मला विशेष आवडले. पुढच्या नसेकडून येणारे संदेश मागच्या नसेच्या संदेशांना एरवी आवर घालत असतात. पुढची गप्प झाली की तो आवर सुटतो आणि मागच्या भागातले कडू अधिक जोराने कळते. अमेरिकेतील संशोधिका लिंडा बार्टोशुक यांनी ही नस भूल देऊन बधिर केली तेव्हा असेच परिणाम आढळले, आणि काहींना तोंडात काही नसतानाही चवी जाणवल्या. तुमची तांब्याची चव याच प्रकारातली असू शकते, किंवा दुखावलेली नस स्वतःच चुकीचे संदेश पाठवत असेल. हीच नस जबड्याखालच्या लालाग्रंथींनाही चालना देते, त्यामुळे तोंड थोडे कोरडे वाटत असल्यास नवल नाही.

बहुतेकांची तक्रार काही महिन्यांत ते वर्षभरात कमी होते. चेहऱ्याची एक बाजू सैल पडणे, डोळा पुरता न मिटणे, चक्कर येणे किंवा कान पुन्हा वाहू लागणे यांपैकी काही झाले, तर मात्र धाग्यावर विचारत न बसता थेट तपासणीला जावे.

प्रतिसाद: जायफळ

वरील प्रतिसादानंतर नसांविषयी सांगण्यासारखे काही उरले नाही. मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून त्या चित्राविषयी लिहिते, कारण दर वर्षी कोणीतरी विद्यार्थी ते वहीत काढून आणतो.

जर्मनीत हेनिग यांनी १९०१ साली जिभेच्या कडेने निरनिराळ्या जागी किती सौम्य द्रावणाची चव कळते हे मोजले. फरक होते, पण किरकोळ. पुढे १९४२ साली एडविन बोरिंग यांच्या ग्रंथात ती मोजमापे अशा रीतीने आलेखावर आली की जिथे चव थोडी कमी कळते तिथे ती कळतच नाही असा लोकांचा समज झाला, आणि त्याचे पाठ्यपुस्तकी चित्र झाले. प्रत्यक्षात एकेका रुचिकलिकेत, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींच्या सूक्ष्म झुबक्यात, ५० ते १०० पेशी असतात आणि जिभेच्या ज्या ज्या भागात रुचिकलिका आहेत तिथे पाचही चवी ओळखल्या जातात. पाचवी चव उमामी, जी जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या रश्शातून वेगळी ओळखली. गोड ओळखायला दोन प्रथिनांची एकच जोडी पुरते, कडू ओळखायला मात्र माणसाकडे सुमारे २५ प्रकारची प्रथिने आहेत, कारण विषारी वनस्पतींची कडू द्रव्येही अनेक प्रकारची असतात. या पेशी साधारण दहा दिवसांत बदलत राहतात, पण नसेच्या आधाराशिवाय रुचिकलिका टिकत नाहीत. त्यामुळे तुमच्या बाबतीत आधी नस सावरेल आणि मग कलिका भरतील, म्हणून वेळ लागतो.

तिखट ही या अर्थाने चव नाही. मिरचीतले कॅप्सेसिन उष्णतेची वेदना ओळखणाऱ्या प्रथिनाला चेतवते. ते प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधले आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळाले. मोहरीचा झणका त्याच्याच एका भाऊबंदाकडून कळतो. आयुर्वेदाच्या सहा रसांत मात्र तिखटाला मानाचे स्थान आहे, फक्त तिथे कटु म्हणजे आपले तिखट आणि तिक्त म्हणजे आपले कडू, हे लक्षात न ठेवणाऱ्यांची परीक्षेत हमखास फजिती होते.

सासूबाईंच्या विद्येविषयी. शुद्ध मिठाला वास नसतो, कारण ते उकळत्या आमटीतूनही वाफ होऊन नाकापर्यंत येत नाही. परंतु मीठ विरघळले की वासाचे काही रेणू पाण्यातून अधिक सहज बाहेर पडतात, त्यामुळे फोडणीचा आणि हिंगाचा दरवळ बदलू शकतो. रोज तीच आमटी, तेच पातेले आणि तोच हात असेल तर तो बदल नाकाला ओळखता येणे शक्य आहे. लोणच्याच्या बाबतीत मात्र मी त्यावर विसंबणार नाही.

प्रतिसाद: घाटावरची

मला तीन वर्षांपूर्वी अगदी असेच झाले होते, कान उजवा. धातूची चव सुमारे पाच महिन्यांनी गेली, बाकीचे परत यायला जवळजवळ वर्ष लागले, आणि ते एका दिवशी आले नाही, हळूहळू आले. तोपर्यंत मी घोट घेऊन लगेच गिळण्याऐवजी तोंडात फिरवून, चांगल्या बाजूला थोडा वेळ धरून मग ठरवत असे. गरम वाफाळते किंवा फ्रिजमधले चाखू नका, कोमट असताना चाखा. दिवसातून एकदाच, सकाळी, चहाच्या आधी. आणि वजनकाटा घ्या हो काकू, आता मुठीचा भरवसा सोडा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काटा आणला. जुन्या सवयीने पाच वेळा मूठ भरून मीठ वजन केले, तर पाचही वेळा आकडा वेगळा आला, आणि सर्वांत मोठी मूठ सर्वांत लहान मुठीच्या जवळजवळ सव्वापट निघाली. म्हणजे इतकी वर्षे मूठ चुकतच होती आणि जीभ ती चूक निस्तरत होती. आता फोडींचे आणि मिठाचे वजन वहीत लिहून ठेवते आणि शेवटचा घास भाची चाखते.

काल पुन्हा काडी फिरवली. डाव्या कडेला लिंबाच्या रसाने काहीतरी चुरचुरले आणि मला आनंद झाला, पण वरील प्रतिसाद वाचल्यावर शंका आली की ते आंबट नसून नुसते झोंबणे असावे. साखर झोंबत नाही, म्हणून यापुढे लिंबाऐवजी साखरेच्या पाण्यावरच विश्वास ठेवणार आहे. त्या बाजूला ते अजून पाणीच आहे. पुढची नोंद दिवाळीच्या भाजणीच्या मागण्या पार पडल्यावर लिहीन.