जूनमधला गणिताचा तास: नववी-दहावीची सुरुवात कशी करता? (अनुभव धागा)

धागाकर्ती: पाटीपेन्सिल

शाळा उघडल्या आहेत, विदर्भात जूनअखेरीला उघडतील. नववी-दहावीच्या गणिताचे पहिले दोन-तीन आठवडे नेमके कसे वापरायचे, यावर शिकवणाऱ्यांनी आणि घरी अभ्यास घेणाऱ्यांनी लिहावे म्हणून हा धागा. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम धरून चालूया. "मुलांना हल्ली काही येत नाही" हे सगळ्यांनाच माहीत आहे, ते नको. काय करता, किती वेळ लागतो, गाडी कुठे अडते आणि का, एवढेच लिहा.

खडूभुकटी

पहिल्या आठवड्यात एक नैदानिक चाचणी, म्हणजे मूल नेमके कुठे कच्चे आहे ते शोधणारी. २० गणिते, ३५ मिनिटे, गुण नाहीत. सगळी सातवी-आठवीची: पूर्णांकांची पाच, अपूर्णांक-दशांशाची पाच, शेकडेवारी व गुणोत्तराची चार, साध्या समीकरणांची चार, विस्ताराची दोन. संख्या मुद्दाम लहान घ्यायच्या, म्हणजे पाढे कच्चे म्हणून चुकले की संकल्पनाच कच्ची, हे वेगळे कळते.

मी हमखास घालतो ती गणिते आणि त्यांची ठरलेली चुकीची उत्तरे:

−७ − (−४): उत्तर −११ येते. दोन वजा शेजारी आले की "वजा-वजा बेरीज" एवढेच आठवते आणि संख्या मिळवून टाकल्या जातात.
−३²: उत्तर ९ येते. कंस असता तर बरोबर होते. घात फक्त ३ चा आहे, म्हणून −९.
०.२ × ०.३: उत्तर ०.६.
३/४ − ५/६: उत्तर "२/२ म्हणजे १". अंश-छेद वेगवेगळे वजा करून चिन्ह खिशात. बरोबर उत्तर −१/१२.
(क्ष + ३)²: उत्तर क्ष² + ९.

तपासताना चूक-बरोबर करून उपयोग नाही. चुकीपुढे एक अक्षर लिहायचे: 'स' म्हणजे संकल्पना, 'आ' म्हणजे आकडेमोड, 'को' म्हणजे कोरे सोडले. मग एका कागदावर २० रकाने पाडून प्रत्येक गणिताचे 'स' मोजायचे. एक तृतीयांशापेक्षा जास्त मुलांचा 'स' असेल तर ते सगळ्या वर्गाला पुन्हा शिकवायचे, नाहीतर त्या पाच-सात मुलांनाच बाजूला घ्यायचे. चाचणीनंतरचे पंधरा दिवस या उजळणीलाच. साठ मुलांच्या पटाला तपासणीत दीड-दोन तास जातात. मुलांकडून एकमेकांचे पेपर तपासून घेऊ नका. 'स' आणि 'आ' मधला फरक त्यांना कळत नाही, आणि कोणाचे किती चुकले याची बातमी मधल्या सुट्टीत शाळाभर होते.

(क्ष + ३)² साठी सूत्र पुन्हा पाठ करून घेऊ नये. फळ्यावर (३ + ४)² लिहावे. एका बाजूला ४९, दुसऱ्या बाजूला ९ + १६ म्हणजे २५. हरवलेले २४ कुठे गेले, हे चौरसाची आकृती काढून दाखवावे: ३ × ४ चे दोन आयत. मुले ते दोन आयत विसरत नाहीत.

वेळापत्रक

खडूभुकटी सर, चाचणी मान्य. पण दहावीला त्यानंतर पंधरा दिवस उजळणी करणे परवडत नाही, इथे माझा विरोध नोंदवते.

हिशेब बघा. गणित भाग १ (बीजगणित) मध्ये सहा प्रकरणे, भाग २ (भूमिती) मध्ये सात, एकूण तेरा. २०२५ मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. जानेवारीत पूर्वपरीक्षा, म्हणजे अभ्यासक्रम डिसेंबरअखेर संपायलाच हवा. मध्ये गणपती, घटक चाचणी, सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि स्नेहसंमेलनाची तालीम. चाळीस मिनिटांच्या तासिकेत हजेरी वगैरे जाऊन हाती राहतात बत्तीस-तेहतीस मिनिटे. वार्षिक नियोजनाच्या वहीत दाखवलेल्या तासिकांतून पाचवा हिस्सा आधीच वजा करून नियोजन करावे.

म्हणून उजळणीचा वेगळा आठवडा न काढता रोज तासाच्या सुरुवातीला आठ मिनिटे, चार गणिते. ती त्याच दिवशी लागणारीच हवीत:

लोप पद्धतीच्या (दोन समीकरणांतून एक चल घालवून सोडवण्याच्या) दिवशी ऋण संख्यांची वजाबाकी. समरूपतेच्या आधी गुणोत्तर, आणि "अ : ब = ३ : ५ म्हणजे अ तीनच असतो का?" हा प्रश्न. वर्गसमीकरणाच्या आधी चार दिवस अवयव आणि ३० पर्यंतचे वर्ग. पायथागोरसच्या आधी वर्गमूळ, √७२ = ६√२ या थाटाचे.

कालचे शिकलेले आज लगेच वापरात आले तरच ते टिकते.

नववीला मात्र सरांचे दोन आठवडे जरूर द्या. नववीत 'संच' पहिले प्रकरण आहे, त्यात आकडेमोड फारशी नाही. संच शिकवता शिकवता मागची डागडुजी होऊन जाते.

दोन्ही_बाजू

"पलीकडे नेले की चिन्ह बदलते" हे वाक्य जूनमध्ये वर्गात बंद करा. या एका वाक्याने जेवढी नासाडी केली आहे तेवढी कशानेच नाही.

३क्ष = १२ दिल्यावर क्ष = १२ − ३ = ९ लिहिणारे मूल नियम पाळतेच आहे. तीन पलीकडे गेला, चिन्ह बदलले. तो तीन क्ष ला गुणलेला आहे, हे त्या वाक्यात कुठेच नाही. पहिले दोन आठवडे प्रत्येक पायरीपुढे कंसात लिहून घ्यावे: (दोन्ही बाजूंना ३ ने भागून), (दोन्ही बाजूंत ७ मिळवून). मुले कुरकुरतात. लिहू द्या. जुलैत कंस आपोआप गळतात, तोवर हात बसलेला असतो.

दहावीच्या पहिल्याच प्रकरणात क्रेमरची पद्धत येते, म्हणजे दोन समीकरणे निश्चयकाने (सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांच्या वजाबाकीने) सोडवणे. तिथे ९० टक्के घोटाळा एकाच जागी होतो. समीकरण आधी अ × क्ष + ब × य = क या रूपात आणायचे राहून जाते. उदा. २क्ष + ३य − १२ = ० आणि क्ष − य = १. स्थिर पद १२ घ्यायचे, −१२ नाही.
निश्चयक = २ × (−१) − ३ × १ = −५
क्ष साठी: १२ × (−१) − ३ × १ = −१५, म्हणून क्ष = ३
य साठी: २ × १ − १२ × १ = −१०, म्हणून य = २
−१२ घेतले तर क्ष = −९/५ येतो आणि मूल तो शांतपणे चौकटीत लिहून मोकळे होते. म्हणून किंमती मूळ समीकरणात ठेवून पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून. वीस सेकंद लागतात.

सहगुणक उलटसुलट असतील तर लोप पद्धतीने मोठे गुणाकार करत बसू नये. १७क्ष + १३य = ४७ आणि १३क्ष + १७य = ४३ यांची बेरीज करून ३० ने भागा: क्ष + य = ३. वजाबाकी करून ४ ने भागा: क्ष − य = १. उत्तर २ आणि १.

कंपासपेटी

भूमितीचे निम्मे गुण साहित्यावर जातात, आणि साहित्य कोणी तपासत नाही. नवी पेटी आणली की झाले, असे पालकांना वाटते. पहिल्या भूमितीच्या तासाला एवढे तपासून घ्या, एका तासिकेत होते.

कंपास, म्हणजे मुलांचा राउंडर. ५ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा, रेघ सुरू केली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. मग त्रिज्या न बदलता परिघावर एकापुढे एक सहा कंस. सहावा कंस बरोबर पहिल्या बिंदूवर यायला हवा. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. तीन मिलिमीटरचा फरक पडला तर दर कंसाला अर्धा मिलिमीटर घसरते आहे. स्क्रू ढिला आहे किंवा पेन्सिल बोथट. स्क्रू आवळूनही घसरत असेल तर तो कंपास बदला, भौमितिक रचनेत तो दगा देणारच.

कंपासात पूर्ण लांबीची पेन्सिल घालू नये, वरून वजन येऊन पाय फाकतात. बोटभर लांबीचा तुकडा पुरतो. पेन्सिलीचे टोक आणि सुई मिटल्यावर एका पातळीत हवीत. लीड पेन कंपासाच्या कडीत नीट बसत नाही, म्हणून रचनेसाठी लाकडी पेन्सिलच.

पट्टी: कडेपासून शून्य कुठे सुरू होते ते बघा. पुष्कळ पट्ट्यांना आधी दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा असते आणि मुले कडेपासून मोजतात. झिजलेली पट्टी असेल तर १ पासून मोजायला सांगतात, मग शेवटी १ वजा करायचे विसरते. त्यापेक्षा नवी पट्टी घ्या, स्वस्त पडते.

कोनमापकावर दोन उलट मापे असतात. ६०° च्या जागी १२०° काढणारी मुले दहावीतही असतात. मोजण्याआधी कोन लघुकोन की विशालकोन हे तोंडी म्हणायला लावावे, मग चूक आपली आपण सापडते.

रचनेतले कंस खोडू नका. पेपर तपासणारा कंसच शोधत असतो. नुसती देखणी आकृती म्हणजे पट्टीने मोजून काढलेली आकृती, असा अर्थ होतो.

बाकोबा

वरच्याला +१. आता सिद्धतेबद्दल.

भूमितीच्या वहीत पहिल्या दिवसापासून पान उभे दुभागायचे, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. वर आकृती, पक्ष (दिलेले), साध्य (सिद्ध करायचे), गरज असेल तर रचना. कारण सुचत नसेल तर विधानही लिहायचे नाही, हा नियम. सिद्धता रखडते ती बहुतेक वेळा साध्यच मध्येच कारण म्हणून वापरल्यामुळे. पक्ष पेनने आणि साध्य पेन्सिलीने लिहायला लावा, पेन्सिलीतले काही वापरायचे नाही.

एकरूपतेच्या कसोट्या मुलांना पाठ असतात ('बा' म्हणजे बाजू, 'को' म्हणजे कोन): बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा, कर्णभुजा. पण बाकोबातला कोन त्या दोन बाजूंच्या मधलाच हवा, हे सुटते. ६ सेंमी, ५ सेंमी बाजू आणि ५ सेंमीच्या समोरचा कोन ४०° देऊन त्रिकोण काढायला सांगा. वर्गात दोन वेगवेगळे त्रिकोण निघतील आणि वाद आपोआप मिटेल. कोकोको ही समरूपतेची कसोटी, एकरूपतेची नव्हे. दहावीच्या भाग २ च्या पहिल्याच प्रकरणात हे लागते.

त्याच प्रकरणात आणखी एक सापळा. समान उंचीच्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर पायांच्या गुणोत्तराएवढे, आणि समरूप त्रिकोणांचे बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढे. दुसरे शिकले की मुले पहिल्याचेही वर्ग करू लागतात. गणित हाती घेताना "उंची समान की त्रिकोण समरूप?" हे लिहून मगच पुढे.

उत्तरपत्रिका

दहावीच्या प्रश्नपत्रिकेचा आराखडा जूनमध्येच मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. प्रत्येक भागाचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. ४० पैकी ७ गुण चौकटी भरायच्या कृतींना आहेत: दोन-दोन गुणांच्या दोन आणि तीन गुणांची एक. हे गुण पुस्तकातल्या कृती वगळणारी मुले गमावतात. त्यांना पूर्ण गणित येते, पण दुसऱ्याने मांडलेल्या पायऱ्यांत आपली पायरी बसवता येत नाही. आठवड्याला दोन कृती वर्गात करा.

वहीच्या उजवीकडे चार सेंमीचा पट्टा कच्च्या कामासाठी आखून ठेवा. बाकावर किंवा शेवटच्या पानावर केलेली आकडेमोड सापडत नाही, मग चूक कुठे झाली तेही सापडत नाही.

गाईड हवे तर आणा, पण सरावसंच सोडवून झाल्यावरच उघडायचे.

बिलबुक

अर्थनियोजन चौथे प्रकरण आहे, पण तयारी आत्तापासून. मुलांना घरातली जीएसटीची बिले जमवायला सांगा, सप्टेंबरपर्यंत वर्गाची चांगली फाईल होते. प्रत्येक बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक, करपात्र किंमत, केंद्राचा आणि राज्याचा निम्मा-निम्मा कर शोधायचा. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी करयोजना) दुकानाच्या बिलावर कर वेगळा दिसत नाही, मुले गोंधळतात, आधीच सांगून ठेवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले आहेत. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ सगळ्या वस्तूंसाठी गेले, मुख्य दर ५ आणि १८. जुने बिल आणि नवे बिल शेजारी लावले की फरक दिसतो. गणित सोडवताना मात्र प्रश्नात दिलेलाच दर घ्यायचा. नेहमीची चूक: करासह १,१८० रुपये आणि दर १८ टक्के असेल तर मुले १,१८० चे १८ टक्के काढतात. करपात्र किंमत १,००० आहे, कर १८०.

नवा_प्रवेश

सीबीएसईतून थेट दहावीला राज्य मंडळात येणाऱ्या मुलांसाठी: त्रिकोणमिती आपल्याकडे नववीत सुरू होते, तिकडे दहावीत. त्यामुळे नववी भाग २ मधले त्रिकोणमितीचे प्रकरण जून-जुलैत स्वतंत्रपणे करून घ्या. पुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात. नववीतल्या संचांची दहावीत तेवढी घाई नाही.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. एक प्रश्न: आलेखासाठी वेगळी वही घ्यायची की सुटे कागद?

दोन्ही_बाजू

ताई, सुटे कागद घ्या आणि त्या-त्या गणिताजवळ चिकटवा. वेगळी वही नेमकी हवी त्या दिवशी घरी राहते. दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक, रेषेसाठी दोन नव्हे तीन बिंदू. तिसरा बिंदू रेषेवर बसला नाही तर आकडेमोड चुकली आहे, आलेख पुढे काढू नका.