कार्डांच्या खेळावरच्या कादंबऱ्या: खेळ न शिकता वाचता येतील का?

घोडबंदरची वाचक

नमस्कार. माझा भाचा वाशीला मित्रांसोबत ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळतो. सुट्टीत तो आमच्याकडे राहायला आला असताना त्याची कार्डे चाळता चाळता माझे लक्ष नियमांपेक्षा तळाशी तिरप्या अक्षरांत छापलेल्या ओळींकडेच जास्त गेले. कुठे एखाद्या युद्धकाव्यातील दोन ओळी, कुठे कोणा सेनापतीचे उद्गार, आणि मागचे-पुढचे काहीच नाही. या खेळावर कादंबऱ्याही निघाल्या आहेत, असे त्याच्याकडून कळले. अद्भुतरम्य कादंबऱ्या मी आवडीने वाचते, पण हा खेळ शिकण्याची माझी इच्छा नाही. खेळ न येणाऱ्याला ही पुस्तके कादंबरी म्हणून वाचता येतात का, की त्या कार्डे खपवण्यासाठी लिहिलेल्या लांबलचक जाहिराती आहेत? सुरुवात कोठून करावी? भाचा चौदा वर्षांचा आहे. त्यालाही देता येईल असे पुस्तक असल्यास उत्तम.

नौपाडा

तुम्ही जेथे थबकलात त्या ओळींपासूनच या मालिकेतील सर्वांत चांगली कादंबरी तयार झाली आहे, असे माझे मत आहे. जेफ ग्रब यांची ‘द ब्रदर्स वॉर’ ही १९९८ मधील कादंबरी आधी वाचावी. उर्झा आणि मिश्रा हे भाऊ एकाच वर्षी जन्मलेले, एक वर्षाच्या पहिल्या दिवशी आणि दुसरा शेवटच्या. टोकासिया नावाच्या संशोधिकेच्या वाळवंटातील उत्खननाच्या तळावर ते वाढतात, थ्रान या लुप्त संस्कृतीची यंत्रे उकरून दुरुस्त करायला शिकतात, आणि एका गुहेत सापडलेला शक्तिमणी दुभंगून त्याचा एकेक तुकडा एकेकाच्या हाती येतो, तेथून सुरू झालेले वितुष्ट अखेर अवघ्या खंडाला ओढून नेते. महाभारत ऐकत वाढलेल्या वाचकाला भाऊबंदकीची ओळख करून द्यावी लागत नाही. येथे वेगळे आहे ते युद्धामागचे अर्थकारण: लढायला यंत्रे हवीत, यंत्रांना खनिज आणि लाकूड हवे, आणि त्यापायी डोंगर व जंगले एकामागून एक संपत जातात, हे ग्रब आवाज न चढवता दाखवत राहतात.

हे युद्ध प्रथम आले ते १९९४ च्या ‘अँटिक्विटीज’ या कार्डांच्या संचात, आणि तेथे जवळजवळ नुसती नावेच होती. एका कार्डाचे नाव टॉनॉसची शवपेटी, दुसऱ्याचे अश्नॉडची वेदी. हे टॉनॉस आणि अश्नॉड कोण, याविषयी कार्डे फारसे बोलत नव्हती. कादंबरीत टॉनॉस हा खेळणी बनवणारा कारागीर उर्झाचा उजवा हात होतो, अश्नॉड ही मिश्राची बुद्धिमान आणि निष्ठुर साहाय्यक ठरते, आणि ती शवपेटीही कथेत योग्य वेळी उपयोगी पडते. ‘गोल्गोथियन सायलेक्स’ या कार्डाचे उदाहरण तर मला फार आवडते. खेळात त्याचे काम एवढेच, की त्या संचातील जेवढी कार्डे मांडलेली असतील तेवढी सगळी काढून टाकायची; नियम म्हणून हे काहीसे विचित्रच आहे. ग्रब यांनी त्या कोरड्या नियमातून एक प्राचीन भांडे निर्माण केले आणि त्यावर कादंबरीचा शेवट उभारला. तो शेवट येथे सांगत नाही.

तुम्ही म्हणता ते युद्धकाव्य बहुधा उर्झाची पत्नी कायला हिच्या नावावरचे असावे. २०२२ मध्ये याच युद्धावर नवा संच निघाला असल्यामुळे भाच्याकडे त्यातील कार्डे असण्याचा संभव आहे.

नेरूळ पूर्व

वरील शिफारस मान्य आहे, पण त्यावरून इतर कादंबऱ्यांचा अंदाज बांधू नये. जाहिरातीची शंका अगदीच निराधार नाही. खेळ १९९३ मध्ये आला आणि पहिली कादंबरी ‘अरीना’ लगेच १९९४ मध्ये निघाली. सुरुवातीच्या त्या पुस्तकांत कूपन असे आणि ते पाठवल्यावर एखादे खास कार्ड टपालाने मिळे. ‘मॅना क्रिप्ट’ हे पुढे अतिशय महाग झालेले कार्ड मूळचे तसेच आलेले आहे, म्हणजे पुस्तकापेक्षा कूपनच मोलाचे ठरले! पुढे वर्षाला तीन संच आणि त्यांच्याबरोबर तीन कादंबऱ्या असा रतीब सुरू झाला. नव्या संचातील प्राणी, शस्त्रे आणि स्थळे यांची हजेरी घेण्यासाठीच लिहिल्यासारखी प्रकरणे त्यांतील काहींत सापडतात, आणि खेळ न येणाऱ्याला ती विशेष कंटाळवाणी वाटतात.

तरीही कोरी हर्नडन यांची २००५-०६ मधील ‘राव्हनिका’ त्रयी मी आवर्जून सुचवेन. सगळे जग म्हणजे एकच न संपणारे शहर, त्यावर दहा संघांची सत्ता, आणि त्यात अॅग्रस कोस नावाचा वयोवृद्ध पोलीस अधिकारी तपास करतो आहे. संध्याकाळी ठाणे स्थानकाच्या पुलावरून उतरणाऱ्याला त्या शहरातील गर्दी समजावून सांगावी लागणार नाही. वाचताना ती रहस्यकथेसारखीच वाचली जाते.

घोडबंदरची वाचक

दोघांचेही आभार. ग्रब यांचे पुस्तक मी घेते. भाच्याला मात्र चंद्रा नावाच्या अग्निविद्येच्या नायिकेविषयी वाचायचे आहे, आणि तिच्यासाठी त्याने ‘वॉर ऑफ द स्पार्क’ मागितले आहे. ते द्यावे का?

खारघर

मी हा खेळ खेळतो, म्हणून सांगतो: सध्या देऊ नका. ग्रेग वाइसमन यांची ती कादंबरी २०१९ ची असून, अनेक वर्षे खेळाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य प्रसिद्ध होत आलेल्या कथांमधील कितीतरी पात्रे तिच्यात एकाच वेळी रणांगणावर उतरतात. ज्याने त्या कथा वाचलेल्या नाहीत त्याच्यासाठी पहिली पन्नास पाने म्हणजे नावांची यादी होते. त्याच वर्षी आलेल्या तिच्या पुढच्या भागात चंद्रा आणि तिची सहकारी निस्सा यांच्या नात्याची जी वासलात लावली गेली, तिच्यावर तर जुने वाचक इतके संतापले की कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

चंद्रा हवी असेल तर २०१६ मधील कलादेशच्या कथा द्याव्यात. भारतावरून प्रेरणा घेऊन रचलेले हे जग तिची जन्मभूमी आहे. यंत्रे घडवणाऱ्या पिया आणि किरण नलार यांची ती मुलगी, आणि पियाशी तिची पुन्हा भेट होते ती याच कथांत. कलादेशची कादंबरी निघाली नाही, पण कंपनीच्या संकेतस्थळावरील त्या कथा लहान आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाला त्यांतील इंग्रजी जड जाणार नाही, आणि मधली एखादी कथा रटाळ निघाली तरी पुढची उघडता येते.