टॅपेट दरवर्षी बघायचे, की टकटक ऐकू येईपर्यंत थांबायचं?

घाटवाट: जुनी ट्रॅव्हलर घेऊन मागे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली आहे. इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं ओएम ६१६, डिझेल, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. वर्षाला जेमतेम ६००० किमी होतात. भोसरीचे मिस्त्री म्हणाले, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या जोडणीतली बारीक फट, बघून घेऊ. मी नको म्हटलं. आवाज नाही, धूर नाही, खंबाटकी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढते. मग झाकण उघडायचं कशाला? ज्यांना पटत नसेल त्यांनी कारण सांगा. 'मॅन्युअलमध्ये लिहिलंय' एवढंच सांगणार असाल तर राहू द्या.

चौदाचा पाना: आवाज नाही म्हणूनच बघ. सैल टॅपेट टकटक करून सांगतो, घट्ट झालेला मुका असतो. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे तो टेकतो त्या कड्यात, हळूहळू रुतत जातो, त्याची दांडी वर सरकते आणि फट कमी होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच निघून जाते. नीट टेकलाच नाही तर जाणार कुठे? कड जळते, कॉम्प्रेशन जातं, आणि महाबळेश्वरला पहाटे तू सेल्फ मारत बसतोस. गार इंजिनवर इनटेकला ०.१० मिमी आणि एक्झॉस्टला ०.३० मिमी, हा फरक उगाच ठेवलेला नाही. एक्झॉस्ट जास्त तापतो. खर्च काय, तर फिलर गेज (फट मापायच्या ठरावीक जाडीच्या पात्या), चौदाचे दोन पाने आणि कव्हरचं नवं पॅकिंग. हेड उतरवावं लागलं की मग हिशोब कर.

सिंहगड रोडवाला: काका, कागदावर सगळं बरोबर. पण गाडी रात्रभर गार होऊ देणारं गॅरेज दाखवा, मी पेढे वाटतो. मी सकाळी अकराला गाडी नेली, साडेअकराला माणूस पाती घालून मोकळा! इंजिन तापलेलं, माप गारचं. वर जुनंच पॅकिंग परत दाबून बसवलं. ऑइल झिरपून एक्झॉस्टवर पडायला लागलं, अख्खं कोकण जळक्या वासात फिरलो. बायको अजून ऐकवते. चांगल्या इंजिनाला हात लावून मी दुखणं विकत घेतलं.

आणि अशा घरगाडीचा खरा रोग म्हणजे उभं राहणं. रबरी पाइप तडकतात, बॅटरी बसते, ब्रेक अडकतात, टायर नक्षी शाबूत असतानाच म्हातारे होतात. ताम्हिणी उतरताना टॅपेट कामाला येत नाहीत. पैसे मोजकेच असतील तर आधी तिकडे घाला.

चौदाचा पाना: न्हाव्याने कान कापला म्हणून तू केस वाढवणार का? मिस्त्री बदल. ब्रेकचं मान्य, पण ते कर म्हणजे हे करू नको असं होत नाही.

नाना पेठ वारी: भांडण्याआधी इंजिन कोणतं ते बघत जा. हायड्रॉलिक टॅपेटवाल्या इंजिनात ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून निघते, तिथे पाती घालायचा प्रश्नच नाही. वेळेवर ऑइल बदला, बस. ६१६ ला मात्र हाताने जुळवावं लागतं. आणि दरवर्षी पाहायचं म्हणजे दरवर्षी पाना फिरवायचा असं नाही. माप बरोबर असेल तर झाकण लावून चहा प्या.

घाटवाट: रविवारी पहाटे मापलं, गाडी शनिवारी सकाळपासून बंद होती. एकेका कॅमचा उंचवटा रॉकरपासून, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेपासून, लांब फिरवायचा आणि मधे पाती सरकवायची, एवढंच काम. पण मला दोन तास लागले. सहा व्हॉल्व्ह बरोबर, एक इनटेक किंचित सैल. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टमध्ये ०.३० ची पाती शिरेचना, ०.२० ची कशीबशी गेली. आवाज कसलाच नव्हता. मिस्त्रींना फोन केला, ते फक्त हसले.

सिंहगड रोडवाला: एका व्हॉल्व्हवरून नाचू नका. आत्ता ०.३० करून ठेव, दोन-तीन हजार किमीनंतर परत माप. तेवढाच राहिला तर बरीच वर्षं कुणी बघितलं नव्हतं, एवढाच अर्थ. पुन्हा घटला तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततोय, मग पाती घालून भागणार नाही. आणि टायरवरची तारीख बघितलीस का?

घाटवाट: आत्ता खाली जाऊन बघितली. चार आकड्यांतले शेवटचे दोन १५, म्हणजे २०१५ साल. चारही टायरवर तेच. उद्या आधी टायरवाला.