हायडेलबर्ग: जुन्या शहरातली खोली घ्यावी की वसतिगृहाची वाट पाहावी?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. हायडेलबर्ग विद्यापीठात मॉलिक्युलर बायोसायन्सेसच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला असून ऑक्टोबरमध्ये हिवाळी सत्र सुरू होईल. स्टुडिरेंडेनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहासाठी अर्ज केला आहे, पण उत्तर आलेले नाही. दरम्यान आल्टश्टाट या जुन्या शहरातली एक खोली ५२० युरो भाड्याने मिळते आहे. घरमालक सध्या परगावी असल्याने अनामत आधी पाठवा, किल्ली पोस्टाने येईल, असे ते कळवतात. १३८६ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात शिकायचे तर त्या दगडी गल्ल्यांमध्येच राहावे, असे मला मनापासून वाटते. आईबाबांना मात्र धाकधूक आहे. तिथे राहिलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (घोडबंदर रोड, सध्या हायडेलबर्ग)

सर्वप्रथम, खोली स्वतः किंवा विश्वासू माणसाकरवी पाहिल्याशिवाय एक युरोसुद्धा पाठवू नका. परगावी गेलेला मालक आणि पोस्टाने येणारी किल्ली हा इथला फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे.

आता मूळ प्रश्न. तुमचा विषय पाहता तुमचे बहुतेक वर्ग आणि प्रयोगशाळा जुन्या शहरात नसून नेकार नदीच्या उत्तरेला, नॉयेनहाइमर फेल्ड या परिसरात असतील. विज्ञान आणि वैद्यक शाखांचा कारभार तिथे चालतो, विद्यापीठ ग्रंथालयाची एक शाखाही तिथेच आहे आणि काही वसतिगृहे त्याच आवारात आहेत. ज्या गल्ल्यांसाठी तुम्ही जास्त भाडे मोजणार, त्या तुम्हाला मुख्यतः संध्याकाळीच दिसतील.

भाड्याचा आकडा वाचताना तो काल्टमिटे आहे की वार्ममिटे, हे विचारून घ्या. पहिल्यात हीटिंग धरलेले नसते, आणि जुन्या घरात जानेवारीत त्याचे बिल चांगलेच जाणवते. अनामत काल्टमिटेच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, असा कायदा आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पत्ता. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते. बँक खाते, निवास परवाना, ब्लॉक्ड अकाउंटमधून (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे खाते) दरमहा मिळणारी रक्कम, या सगळ्यांची वाट त्या एका कागदावरून जाते. सध्या वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, या हिशेबाने पैसे ठेवावे लागतात. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीचे प्रतिसत्र १,५०० युरो शुल्क निराळे. तेव्हा जो मालक पत्र द्यायला कां-कूं करतो, त्याची खोली स्वस्त असली तरी सोडून द्या.

उत्तर २ (कोपरखैरणे, हायडेलबर्गमध्ये इतिहासाचा विद्यार्थी)

वरील ताईंशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु जुन्या शहराची बाजूही कोणी मांडायला हवी. आमचा इतिहास विभाग आणि मुख्य ग्रंथालय तिथेच असल्याने मला हा निर्णय सोपा गेला. दुसऱ्या महायुद्धात हे शहर बॉम्बवर्षावातून बरेचसे बचावले, म्हणून जुनी घरे अजून उभी आहेत. पण या घरांत अनेकदा लिफ्ट नसते, जिने अरुंद असतात आणि मोठी बॅग चढवताना घाम फुटतो. उंटेरे श्ट्रासेच्या आसपास शनिवारी रात्री झोप लागणे कठीण, कारण तिथे मद्यालये एकमेकांना खेटून आहेत. गंमत म्हणजे रात्री दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना कोंडण्यासाठी विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग होता आणि तो १९१४ पर्यंत वापरात होता. त्यांनी रंगवलेल्या भिंती आजही पाहता येतात. नियम आता पोलीस पाळायला लावतात: रात्री दहानंतर शांतता.

जुन्या घरात आणखी एक काम असते, ते म्हणजे थंडीतही दिवसातून काही वेळा खिडक्या पूर्ण उघडून हवा खेळवणे. फोडणी रोजची आणि खिडक्या बंद, असे झाले की भिंतीला बुरशी धरते आणि अनामतीतून पैसे कापले जातात.

नदीकाठची खोली मिळत असेल तर पुराचीही चौकशी करा. नेकारला पूर आला की काठचा रस्ता पाण्याखाली जातो; ठाण्यातल्या माणसाला यात नवल वाटू नये.

उत्तर ३ (नेरुळ, पालक)

माझी मुलगी तिथे शिकते, म्हणून एका किरकोळ वाटणाऱ्या खर्चाबद्दल सांगते. रेडिओ-टीव्हीसाठीचे प्रसारण शुल्क महिन्याला १८.३६ युरो असते आणि ते माणशी नसून घरटी असते. सामायिक फ्लॅटमध्ये सगळ्यांनी मिळून एकदाच भरायचे. वसतिगृहातल्या खोलीचे दार थेट सार्वजनिक मार्गिकेत उघडत असेल तर ती खोली स्वतंत्र घर मानली जाते. मुली, तू भाड्यांची तुलना करशील तेव्हा हेही धर. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी पोहोचणार असशील तर त्याच दिवशी पीठ-मीठ आणून ठेव.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या मालकाला मी खोली व्हिडिओ कॉलवर दाखवण्याची आणि नोंदणीच्या पत्राची विनंती केली. त्यानंतर त्यांचे उत्तर आलेले नाही. वसतिगृहाची जागा सत्र सुरू होईपर्यंत न मिळाल्यास एखाद्या फ्लॅटमध्ये काही महिन्यांसाठी पोटभाड्याने राहण्याचा विचार आहे. अशा तात्पुरत्या पत्त्यावरही नोंदणी होते का?

उत्तर १

होते. मात्र खोली देणाऱ्याला पोटभाडेकरू ठेवण्याची परवानगी असावी आणि पत्रावर त्याची सही असावी; दोन्ही लेखी मागा. पुढे वसतिगृहात गेलात की नव्या पत्त्याची नोंद पुन्हा दोन आठवड्यांत करावी लागेल.